कुमारप्पांचा तक्ता आणि वर्ध्याची ज्वारी

वर्धा जिल्ह्यातल्या ज्वारीचा माग काढत मागे गेले की संकरित बियाण्याच्याही आधी एक तक्ता भेटतो. तो जे. सी. कुमारप्पांचा. लंडनमध्ये हिशेबतपासणी आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीतून ग्रामोद्योग संघाचे काम पाहत. ‘छोडो भारत’च्या काळात जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक लिहिले. 1945 मध्ये गांधीजींनी त्याला प्रस्तावना दिली.

तक्ता त्याच पुस्तकातला. एक लाख वस्तीचा मुलूख धरायचा. माणशी रोज 16 औंस धान्य, 2 औंस डाळ, 12 औंस दूध, वर्षाला 25 वार कापड लागेल असे मानायचे आणि त्यावरून कोणत्या पिकाला किती जमीन द्यायची ते ठरवायचे. ठरल्याबाहेरचे पीक घ्यायला परवानगी नको, इथपर्यंत कुमारप्पा गेले. कापूस विकून घर चालवणाऱ्या वर्धेकर शेतकऱ्याला ही सक्ती जाचकच झाली असती. पण घराला आणि गोठ्याला काय लागते हे आधी विचारायचे, हा त्यांचा क्रम बिनचूक होता. 1950 नंतर वर्धा जिल्ह्यातल्याच सेलडोहच्या पन्नई आश्रमात त्यांनी स्वतः शेतीचे प्रयोग मांडले. प्रकृती ढासळल्यावर ते तामिळनाडूत गेले आणि 30 जानेवारी 1960 रोजी वारले.

त्यानंतर चार वर्षांनी, 1964 मध्ये, ‘सीएसएच-1’ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी संकरित बियाण्यामागे सगळी ताकद लावली. उतारा वाढला, हे कुणी नाकारू नये.

अडचण पुढे होती. उंच देशी ज्वारी दिवस लहान झाल्यावर फुलोऱ्यावर यायची, म्हणून तिचे कणीस पाऊस ओसरल्यावर भरे. संकरित ज्वारी लवकर निसवते. सप्टेंबरच्या पावसात तिच्या दाण्यावर बुरशी चढते, दाणा काळा पडतो आणि बाजारात भाव पडतो. शिवाय ताट ठेंगणे, म्हणजे कडबा कमी. ‘सीएसएच-5’ आणि ‘सीएसएच-9’ या उंच वाणांनी कडब्याची तूट बरीच भरून काढली, काळ्या दाण्याची डोकेदुखी मात्र राहिली. पुढे रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला, शेतात सोयाबीन आले आणि उरल्यासुरल्या ज्वारीवर पाखरे व रानडुकरे तुटून पडली.

शेतकऱ्याने तंत्रज्ञान नाकारले, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे. त्याने ते स्वीकारले, वापरून पाहिले आणि हिशेब बसेना तेव्हा सोडले.

आज सेलसुऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे, गावोगावी शेतीशाळा भरतात. कुमारप्पांचा तो क्रम आठवून तिथल्या मंडळींना एकच विनंती. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर एकरी क्विंटल लिहिताना शेजारी आणखी दोन आकडे लिहा: कडबा किती निघाला आणि माल प्रत्यक्षात कोणत्या भावाने विकला गेला.