बाजारात बरोबर, कागदावर चूक

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातलं नाकाडोंगरी मध्य प्रदेशच्या सीमेजवळचं गाव. जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीज खाण, भोवती धानाच्या बांध्या. इथल्या मुलामुलींपुढे नवोदय, शिष्यवृत्ती, पोलिस भरती अशा परीक्षा एकामागून एक येतात आणि त्या प्रत्येकीत गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी असते. सहावीच्या नवोदय प्रवेशाला 100 पैकी 50 गुण मानसिक क्षमतेचे, 25 अंकगणिताचे. पोलिस शिपायाच्या लेखी परीक्षेत 90 मिनिटांत 100 गुणांचा पेपर. त्यातल्या चार विषयांपैकी दोन हेच. या दोन विषयांच्या तयारीबद्दलचे काही समज मुलांचं खरोखर नुकसान करतात.

«गणिताला डोकं उपजत लागतं»

भरतीतलं अंकगणित म्हणजे अपूर्णांक, शेकडेवारी, सरासरी, गुणोत्तर, नफा-तोटा, काळ-काम-वेग. हे सगळं शाळेतच शिकवलेलं असतं. नापास होणारा बहुतेक वेळा यातल्याच एखाद्या पायरीवर अडलेला असतो, आणि ती पायरी शोधून काढता येते. शेकडेवारीचंच पाहा.

100 किलो धान भरडलं तर सरकारी हिशेबाने 67 किलो तांदूळ धरतात, म्हणजे 33 टक्के घट. आता 100 किलो तांदूळ हवा असेल तर धान किती लागेल? घाईत बहुतेकजण 133 म्हणतात. घट 33, म्हणून 33 वाढवले. पण 133 किलो धानाचा तांदूळ निघेल जेमतेम 89 किलो. खरं उत्तर 100 भागिले 0.67, म्हणजे सुमारे 149 किलो. चूक भागाकाराची नाही. घटीचे 33 टक्के धानावर मोजलेले होते आणि वाढवताना ते तांदळावर मोजले गेले. «टक्के कशाचे?» हा प्रश्न प्रत्येक उदाहरणात पेन उचलण्याआधी विचारायची सवय लावली, तर नफा-तोटा आणि सूट-वाढीच्या निम्म्या चुका थांबतील, असं मला ठामपणे वाटतं.

सरासरीतही हेच होतं. समजा, 44 टक्के मँगनीज असलेलं 10 टन खनिज 28 टक्क्यांच्या 30 टनांत मिसळलं. मिश्रण 36 टक्क्यांचं नाही, 32 टक्क्यांचं होतं. कारण हलक्या प्रतीचं खनिज तिप्पट आहे.

«व्यवहारात हिशेब जमतो, मग पेपरात जमेलच»

इथे वस्तुस्थिती चकित करणारी आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांची 1985 मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी या विषयात फार गाजली. गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या हिशेबांत मुलांची 98 टक्के उत्तरं बरोबर आली. तेच हिशेब शाब्दिक उदाहरण म्हणून दिले तेव्हा 74 टक्के आणि नुसते आकडे मांडून दिले तेव्हा फक्त 37. आपल्याकडे अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आला. निष्कर्ष तसाच, आणि उलट बाजूही दिसली: शाळेतली पुस्तकी गणितं सोडवणाऱ्या मुलांना बाजारचा हिशेब जमत नव्हता.

म्हणजे तोंडी हिशेब आणि कागदी रीत या दोन गोष्टी आपोआप जुळत नाहीत, त्या जुळवाव्या लागतात. रेसिफेच्या एका मुलाने 35चे दहा नारळ मोजताना तिनांचे 105, आणखी तिनांचे 210 असं करत 350 गाठलं. हीच रीत त्याच्याकडून वहीत लिहून घेतली, तर गुणाकार म्हणजे काय हे त्याला त्याच्याच हिशेबातून कळेल. आपल्या जुन्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकीच्या पाढ्यांचं मोल मला इथे दिसतं. ते बाजारासाठीच पाठ केले जात आणि त्यांतून अपूर्णांक जिभेवर बसत.

«बुद्धिमत्ता चाचणीत सामान्य अक्कल पुरते»

हे वाचा. सर्व धान हे पीक आहे. काही पिकं उन्हाळ्यात घेतली जातात. म्हणून काही धान उन्हाळ्यात घेतलं जातं. भंडाऱ्याचा मुलगा लगेच «बरोबर» म्हणेल, कारण उन्हाळी धान त्याने शेतात उभं पाहिलेलं असतं. तरी निष्कर्ष निघत नाही. धानाच्या जागी लाखोरी ठेवा: लाखोरी हे पीक आहे, काही पिकं उन्हाळ्यात घेतली जातात, म्हणून लाखोरी उन्हाळ्यात? ती तर हिवाळ्यातली. मांडणी तीच असताना एकदा निष्कर्ष खरा ठरला आणि एकदा खोटा, म्हणजे मांडणीतच दम नाही. माहितीला पटणारा निष्कर्ष आपण न तपासता मान्य करतो, हे जोनाथन एव्हान्स आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये प्रयोगांनी दाखवलं. त्यावर उपाय हाच: शब्द बदलून पाहा, किंवा वर्तुळं काढा.

«ट्रिक पाठ केल्या की झालं»

35चा वर्ग: 3 गुणिले 4 बारा, पुढे 25, उत्तर 1225. रीत छान आहे, पण ती शेवटी 5 असलेल्या संख्यांनाच का लागू पडते हे ठाऊक नसलं, तर परीक्षेत 36 आला की हात थांबतो. अशा बऱ्याच रीती 'वैदिक गणित' म्हणून विकल्या जातात. भारती कृष्णतीर्थांचं त्या नावाचं पुस्तक 1965 मध्ये निघालं. त्यातली सूत्रं उपलब्ध वेदांत सापडत नाहीत. रीती बीजगणिताने सिद्ध होतात, तेवढा आधार पुरे आहे.

«एका प्रकारची शंभर उदाहरणं सोडवली की तो प्रकार पक्का»

डग रोहरर आणि केली टेलर यांनी 2007 मध्ये हे तपासलं. एकेक प्रकार सलग सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांची सरावात 89 टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची 60 टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र फिरलं: सलगवाले 20 टक्क्यांवर, मिसळून सोडवणारे 63वर. सलग सरावात रीत कोणती हे आधीच कळलेलं असतं. पेपरात ती ओळखणं हेच निम्मं काम असतं. म्हणून रोजच्या पानावर एक शेकडेवारीचं, एक वेगाचं, एक विधान-निष्कर्षाचं, एक संख्यामालिकेचं असं मिसळून घ्यावं, आणि चुकलेलं उदाहरण आठवड्याने उत्तर न पाहता पुन्हा सोडवावं.