आभासी यंत्र, यजमान संगणक आणि कर्नलमधील गळती

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालविण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या शास्त्रीय केंद्रात १९६० नंतरच्या दशकात तिचे प्रयोग यशस्वी झाले आणि १९७२ मध्ये 'व्हीएम/३७०' या नावाने ती सर्वांपुढे आली. एका महागड्या यंत्राचा लाभ एकाच वेळी अनेकांना मिळावा, हा त्या वेळचा हेतू होता. आज तो पालटला आहे. जुन्या कार्यप्रणालीवरच चालणारे एखादे साधन वापरावयाचे असते, प्रयोगाची मांडणी दुसऱ्या संगणकावर जशीच्या तशी उभी करावयाची असते, किंवा संशयास्पद आज्ञावली मुख्य संगणकाला धक्का न लावता तपासावयाची असते. अशा कामांसाठी संशोधक विद्यार्थ्याच्या साध्या लॅपटॉपवरही एखाद-दुसरे आभासी यंत्र असतेच. म्हणूनच पुढील प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही: कालपर्यंत सुरळीत चालणारे आभासी यंत्र, मुख्य कार्यप्रणालीची नवी आवृत्ती बसविताच, स्वतःबरोबर सबंध संगणकालाही घेऊन का कोसळते?

वरवर पाहता असे घडू नये. आभासी यंत्राचे सारे सामर्थ्य ते अलिप्त आहे या गृहीतात आहे. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात आभासी यंत्राच्या नियंत्रकाची तीन लक्षणे सांगितली. नियंत्रकाखाली चालणारी आज्ञावली प्रत्यक्ष यंत्रावर चालल्यासारखीच वागली पाहिजे. तिच्या बहुतेक आज्ञा मध्यस्थावाचून थेट प्रोसेसरने पार पाडल्या पाहिजेत. आणि यंत्राच्या साधनसामग्रीवर नियंत्रकाची पूर्ण सत्ता असली पाहिजे. या तिसऱ्या लक्षणापाशी सैद्धान्तिक विवेचन आणि आपल्या टेबलावरील संगणक यांच्यात अंतर पडते. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर फ्यूजन यांसारखे नियंत्रक यंत्राचे मालक नसतात. ते यजमान कार्यप्रणालीच्या आश्रयाने राहतात आणि स्मृती, प्रोसेसरचा वेळ, फाइली हे सर्व तिच्याकडून मागून घेतात. अतिथी कार्यप्रणालीची स्थिती तर वाड्यातील पोटभाडेकरूसारखी असते. तिच्या खोलीची भिंत कितीही पक्की असली तरी वाड्याचा पाया खचला तर त्या भिंतीचा उपयोग नाही.

हा पाया म्हणजे यजमान कार्यप्रणालीचा गाभा, अर्थात कर्नल. सामान्य अनुप्रयोगाला कर्नलमध्ये प्रवेश नसतो. तो बाहेरून विनंती करतो. प्रोसेसरची विशेष अवस्था वापरावी लागत असल्यामुळे नियंत्रकांना मात्र बहुधा आपला एक भाग कर्नलमध्येच बसवावा लागतो किंवा कर्नलने दिलेल्या अंतर्गत सोयींवर विसंबावे लागते. शिवाय या विनंत्यांची संख्या सामान्य अनुप्रयोगाच्या मानाने फार मोठी असते. म्हणून कर्नलमध्ये झालेला बारीकसा बदल, जो लेखनिकाला किंवा चित्र पाहणाऱ्याला कधी जाणवणारही नाही, तो आभासी यंत्र चालविणाऱ्याला प्रथम जाणवतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०२० सालचे आहे. अॅपल कंपनीने त्या वर्षी १५ जुलै रोजी मॅकओएस कॅटालिनाची १०.१५.६ ही आवृत्ती वितरित केली. ती बसविलेल्या संगणकांवर फ्यूजन किंवा व्हर्च्युअलबॉक्स यांतील आभासी यंत्रे काही तास चालू ठेवली, की सबंध संगणक एकाएकी थांबून नव्याने सुरू होई. आभासी यंत्र सुरू होताना तक्रार नसे, चालतानाही नसे. त्यामुळे प्रथम संशय गेला तो अर्थातच नियंत्रकांवर. अनेकांनी ते काढून पुन्हा बसविले असल्यास नवल नाही. परंतु आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातलाच तो प्रकार होता. व्हीएमवेअरच्या अभियंत्यांनी शोध घेतला तेव्हा दोष कॅटालिनाच्या कर्नलमधील सुरक्षाविषयक घटकात आढळला. अनुप्रयोगांना ठरावीक कुंपणाच्या आत ठेवणारा 'सँडबॉक्स' नावाचा हा घटक. १०.१५.६ मध्ये त्याच्या वर्तनात बिघाड शिरला होता, आणि त्यामुळे कर्नलची स्मृती थोडी थोडी गळत होती.

'गळती' या शब्दाचा येथील अर्थ नीट ध्यानात घेणे अवश्य आहे. कर्नलला स्वतःच्या कामासाठी स्मृतीचे लहान लहान तुकडे सतत लागतात. ते चटकन मिळावेत म्हणून सारख्या आकाराचे तुकडे वेगवेगळ्या साठ्यांत मांडून ठेवलेले असतात. काम संपल्यावर तुकडा साठ्यात परत जावयाचा, हा नियम. कॅटालिनाच्या बाबतीत ३२ बाइटांच्या साठ्यातील तुकडे घेतले जात, पण परत येत नसत. ३२ बाइट म्हणजे किती, तर या लेखातील दहाएक अक्षरे मावतील इतकी जागा. पण समजा, असा एक तुकडा सेकंदाला १०,००० वेळा हरवू लागला. तर एका तासात सुमारे १.१५ अब्ज बाइट स्मृती नाहीशी होईल आणि एका दिवसात २७ अब्जांहून अधिक. हा वेग केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. संगणक लगेच न कोसळता काही तासांनी का कोसळतो, याचा उलगडा मात्र त्यातून होतो.

एखाद्या अनुप्रयोगाकडून अशी गळती झाली असती तर प्रकरण इतके गंभीर झाले नसते. अनुप्रयोग बंद झाला की त्याच्या नावावरील सर्व स्मृती कर्नल परत घेतो. कर्नलने स्वतःच्या नावावर घेऊन विसरलेली स्मृती परत घेणारा कोणी नाही. आभासी यंत्र बंद करून उपयोग नसतो, नियंत्रक काढून टाकूनही नसतो. संगणक नव्याने सुरू करणे एवढाच उपाय उरतो. त्यातच, या लहान तुकड्यांच्या साठ्यांसाठी राखलेल्या प्रदेशाला मर्यादा असते. एकूण स्मृती मोकळी दिसत असूनही हा प्रदेश भरला, की अत्यावश्यक मागणीसुद्धा पुरविता येत नाही. अशा वेळी चुकीच्या स्थितीत काम चालू ठेवण्यापेक्षा कर्नल जाणूनबुजून यंत्र थांबवितो. तंत्रज्ञ यालाच 'कर्नल पॅनिक' म्हणतात. नावात घबराट असली तरी तो विचारपूर्वक योजलेला थांबा आहे. त्याच वेळी कर्नल आपल्या नोंदीत कोणता साठा संपला हेही लिहून ठेवतो. ही नोंद वाचण्याऐवजी ती मिटवून पुढे जाण्याची सवय सार्वत्रिक आहे, आणि निदानाला विलंब होण्याचे तेच पहिले कारण आहे.

निदानाची पद्धत येथे विशेष उद्बोधक आहे. फ्यूजन आणि व्हर्च्युअलबॉक्स ही दोन वेगळ्या संस्थांनी, वेगळ्या रचनेवर उभारलेली साधने. दोहोंत एकच दोष एकाच आठवड्यात शिरणे जवळजवळ अशक्य. म्हणजे कारण दोहोंना समान असलेल्या थरातच असले पाहिजे. जॉन स्टुअर्ट मिलच्या तर्कशास्त्रातील अन्वयपद्धती ती हीच. व्हीएमवेअरने दोष दाखविणारे शक्य तितके लहान उदाहरण तयार करून अॅपलकडे पाठविले, ही त्यापुढची पायरी. कारण "तुमच्या नव्या आवृत्तीत आमची यंत्रे कोसळतात" ही तक्रार झाली, आणि नियंत्रकाचा सारा पसारा वगळूनही गळती दाखविणारा प्रयोग हा पुरावा झाला. १२ ऑगस्ट २०२० रोजी अॅपलने पूरक आवृत्ती दिली. आभासीकरणाच्या अनुप्रयोगांत उद्भवणारी स्थैर्याची अडचण दूर केली, एवढेच तिच्या टिपणात नमूद होते. दोषाच्या स्वरूपाविषयी वापरकर्त्याला त्यातून काहीही कळत नाही, ही या क्षेत्रातील एक खटकणारी प्रथा होय. मधले चार आठवडे पेचाचे होते. जुनी आवृत्ती ठेवावी तर १०.१५.६ मधील सुरक्षाविषयक दुरुस्त्यांना मुकावे. नवी घ्यावी तर दीर्घकाळ चालणारी गणिते अर्ध्यावर तुटावी.

गणिते तुटणे हे दिसणारे नुकसान झाले. न दिसणारे याहून वाईट असू शकते. आभासी यंत्राची तबकडी ही वस्तुतः यजमानावरील एक फाइल असते. अतिथी कार्यप्रणाली "एवढे लिखाण आता पक्के कर" अशी आज्ञा देते आणि ते पक्के झाले असे समजून पुढील नोंदी करते. पण व्हर्च्युअलबॉक्सच्या मार्गदर्शिकेतच असे नमूद आहे की, आयडीई व साटा तबकड्यांच्या बाबतीत ही आज्ञा वेगाच्या सोयीसाठी एरवी दुर्लक्षिली जाते. केवळ अतिथी कोसळला तर यात धोका नाही; यजमान जिवंत असल्याने तो लिखाण पुरे करतो. यजमानच कोसळला तर मात्र अतिथीला जे सुरक्षित वाटत होते ते प्रत्यक्षात तबकडीवर पोहोचलेलेच नसते. महत्त्वाची माहिती आभासी यंत्रात ठेवणाऱ्याने ही योजना बदलून घ्यावी. वेग काहीसा घटेल, परंतु तो सौदा तोट्याचा नाही.

नव्या आवृत्तीनंतरची प्रत्येक अडचण गळतीचीच असते, असे मात्र नाही. पुष्कळदा वाद प्रोसेसरच्या मालकीचा असतो. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये आभासीकरणासाठी प्रोसेसरमध्येच खास सोय केली. त्या सोयीची चावी एका वेळी एकाच नियंत्रकाच्या हाती राहू शकते. विंडोज १० मध्ये सुरक्षेच्या काही योजना मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या हायपर-व्ही नियंत्रकावर आधारलेल्या आहेत. त्या चालू झाल्या की चावी हायपर-व्हीकडे जाते आणि इतर नियंत्रकांची वाट अडते. व्हर्च्युअलबॉक्सने डिसेंबर २०१८ च्या ६.० आवृत्तीत आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशनने मे २०२० च्या १५.५.५ आवृत्तीत हायपर-व्हीच्या आश्रयाने चालण्याचा मार्ग स्वीकारला, तो यामुळेच.

लिनक्समध्ये हाच वाद २०२४ च्या नोव्हेंबरात ६.१२ या कर्नलबरोबर उद्भवला. लिनक्सचा स्वतःचा केव्हीएम नियंत्रक तोपर्यंत पहिले आभासी यंत्र निर्माण होईल तेव्हाच चावी घेई आणि शेवटचे बंद होताच सोडून देई. ६.१२ पासून केव्हीएमचा भाग कर्नलमध्ये चढताच तो चावी घेऊन बसू लागला. पहिले यंत्र सुरू होताना लागणारा विलंब टाळणे हा त्यामागील एक हेतू. परिणाम असा झाला की केव्हीएम मुळीच न वापरणाऱ्यांच्या संगणकांवरही व्हर्च्युअलबॉक्स सुरू होईना. प्रोसेसर आधीच दुसऱ्याच्या ताब्यात असल्याचा संदेश देऊन ते थांबे. कॅटालिनाच्या प्रकरणाशी तुलना करता ही अडचण सौम्य म्हटली पाहिजे, कारण येथे नकार आरंभीच आणि कारणासह मिळतो, कोणाचेही अर्धवट काम बुडत नाही. उपायही सोपा आहे. केव्हीएमचे भाग कर्नलमधून उतरवावेत, अथवा संगणक सुरू होताना कर्नलला 'केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_अॅट_लोड' या पर्यायाचे मूल्य ० द्यावे. त्यानंतर केव्हीएम पूर्वीप्रमाणेच पहिले आभासी यंत्र निर्माण होईपर्यंत प्रोसेसरला हात लावीत नाही.