माँटे कार्लोची पंगत

भूमध्य समुद्राच्या कांठीं, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला खेटून, मोनॅको नांवाचें एक चिमुकलें संस्थान आहे. त्याचा विस्तार सुमारें दोन चौरस किलोमीटरांचा. सकाळीं फिरावयास निघालेला मनुष्य न्याहारीच्या आंत तें ओलांडून परत येऊं शकेल. ह्या संस्थानांतील माँटे कार्लो भागांत एक प्रसिद्ध चौक आहे. चौकाच्या एका अंगास कॅसिनोची, म्हणजे जुगारगृहाची, नक्षीदार इमारत आणि तिच्या शेजारींच १८६४ सालीं उघडलेलें 'हॉटेल द पारी'. ह्या हॉटेलांत 'लुई पंधरावा' ह्या नांवाचें भोजनगृह आहे. तेथें रात्रीं दोघांनीं जेवावयाचें म्हटलें तर शेंकडों युरो खर्ची पडतात. उंची मद्याची बाटली मागविली तर हजाराचा आंकडाहि सहज ओलांडला जातो.

तेथें केवळ कुबेराचे वंशजच जेवावयास येतात असा समज असेल तर तो बरोबर नाहीं. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस साजरा करणारीं, त्यासाठीं वर्ष-दीड वर्ष पैसे बाजूस टाकणारीं साधीं जोडपींहि अशा मेजांवर दिसतात. हीं जोडपीं घरीं परतलीं कीं शेजारीपाजारी एकच प्रश्न विचारतात : "त्यांत एवढें होतें तरी काय?" प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर पानांत वाढलेल्या पदार्थांत शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. त्यासाठीं त्या गांवाचा इतिहास आणि त्या स्वयंपाकघराचा हिशेब, दोन्ही पाहावे लागतात.

मोनॅकोचा कारभार पूर्वीं मेंतों व रोकब्र्यून ह्या शेजारच्या गांवांतील लिंबें आणि ऑलिव्ह ह्यांच्या उत्पन्नावर चालत असे. १८४८ सालीं हीं गांवें फुटून निघालीं आणि १८६१ सालीं रीतसर फ्रान्सकडे गेलीं. राजा तिसरा चार्ल्स ह्याच्या हातीं एक खडक, थोडा किनारा आणि हिवाळ्यांतील कोंवळें ऊन एवढेंच भांडवल उरलें. त्या वेळीं फ्रान्समध्यें जुगारगृहांना बंदी होती. ही संधि साधून १८६३ सालीं फ्रान्स्वा ब्लां नांवाचा गृहस्थ पुढें आला. जर्मनींतील होम्बुर्ग येथें जुगारगृह चालवून त्यानें नांव व पैसा दोन्ही मिळविलें होतें. त्याच्या कंपनीचें नांव 'समुद्रस्नान मंडळी' असें सोज्ज्वळ ठेवण्यांत आलें. स्नानाशीं तिचा संबंध किती होता तें सांगावयास नकोच. १८६६ सालीं त्या टेकडीला राजाच्या नांवावरून माँटे कार्लो हें नांव पडलें, १८६८ सालीं आगगाडी आली, आणि १८६९ सालीं जुगाराच्या उत्पन्नाच्या जोरावर राजानें प्रजेवरील प्रत्यक्ष कर रद्द केले. त्याच प्रजेला मात्र कॅसिनोंत खेळण्याची मनाई होती, व ती अजूनहि आहे. घरच्यांनीं हरूं नये, पाहुण्यांनीं हरावें, असा हा चोख व्यवहार.

ब्लांच्या ध्यानांत एक गोष्ट पक्की आलेली होती. जुगारासाठीं आलेला मनुष्य एका रात्रींत निघून गेला तर फायदा थोडा. तो आठ-पंधरा दिवस राहिला पाहिजे, आणि सोबत कुटुंबासहि घेऊन आला पाहिजे. त्यासाठीं राहण्याची व जेवणाची सोय अशी हवी कीं पॅरिसच्या माणसानेंहि तिची वाखाणणी करावी. हरलेल्या माणसालाहि भूक लागतेच, आणि जिंकलेल्याला तर ती जरा अधिकच लागते! ब्लांची पत्नी मारी हिनें १८७४ सालीं हॉटेलाखालीं मद्याचीं तळघरें खोदून घेतलीं. त्यांत आज लाखों बाटल्या आहेत.

येथेंच, १८८४ सालीं, दोन माणसांची गांठ पडली. सेझार रित्झ हा स्वित्झर्लंडमधील एका शेतकऱ्याचा मुलगा; तो माँटे कार्लोंतील ग्रँड हॉटेलचा व्यवस्थापक होता. समोरच्या हॉटेल द पारीनें त्याचा मुख्य आचारी अधिक पगार देऊन फोडला. रित्झनें त्रागा केला नाहीं. तो आचारी ज्याच्या हाताखालीं शिकला होता त्या गुरूलाच त्यानें आणविलें. हा गुरु म्हणजे ऑगस्त एस्कोफिये. जवळच्याच व्हिलनव्ह-लूबे गांवीं १८४६ सालीं त्याचा जन्म झाला होता, आणि तेराव्या वर्षीं तो नीस शहरांत चुलत्याच्या भोजनगृहांत उमेदवारीला लागला होता.

एस्कोफियेचें महत्त्व कळण्यासाठीं पंगतीची आठवण करावी. मराठी घरांत पान वाढतांना मीठ, लिंबू, चटण्या, कोशिंबिरी डावीकडे, भाज्या उजवीकडे, मधोमध भात, अशी सर्व मांडणी एकाच वेळीं डोळ्यांपुढें येते आणि जेवणारा आपल्या मर्जीप्रमाणें हात फिरवितो. युरोपांतील श्रीमंतांच्या मेजवान्याहि पूर्वीं बऱ्याचशा अशाच असत. दहा-वीस पदार्थ एकदम मेजावर मांडले जात. दिसावयास थाट मोठा, पण पहिला घांस घेईपर्यंत निम्मे पदार्थ निवून गेलेले. एकोणिसाव्या शतकांत रशियन पद्धत रूढ होत गेली : एका वेळीं एकच पदार्थ, तोहि गरम, आणि सर्वांना सारखा. एस्कोफियेनें ही पद्धत हॉटेलांच्या शिस्तींत बसविली. परिणाम असा झाला कीं जेवणाला आरंभ, मध्य आणि शेवट आला. गायनाच्या मैफलींत राग ज्या क्रमानें उलगडतो त्या क्रमानें जेवण उलगडूं लागलें, आणि ह्या क्रमासाठीं आंत, भिंतीपलीकडे, एक फलटणच लागूं लागली.

'फलटण' हा शब्द येथें अलंकार म्हणून योजलेला नाहीं. एस्कोफिये १८७० च्या युद्धांत लष्करी आचारी होता आणि स्वयंपाकघराची रचना त्यानें त्याच धर्तीवर केली. सॉस करणारा वेगळा, भाजणारा वेगळा, भाज्या व अंडीं पाहणारा वेगळा, थंड पदार्थांचा वेगळा, मिष्टान्नाचा वेगळा. अंड्यांचा 'मायरबेअर' नांवाचा एक पदार्थ आहे. एकाच आचाऱ्यानें तो करावयाचा तर पाव तास मोडे. नव्या व्यवस्थेंत एकानें अंडीं शिजवावीं, दुसऱ्यानें मेंढ्याचें गुर्दें भाजावें, तिसऱ्यानें सॉस तयार ठेवावा, आणि चार-पांच मिनिटांत थाळी बाहेर जावी. पाहुण्याला हें कांहींच दिसत नाहीं. त्याला दिसते ती फक्त वाफ. परंतु बिलांतील मोठा वांटा ह्या न दिसणाऱ्या हातांचा असतो.

आतां थोडा हिशेब. सामान्य भोजनगृहांत कच्च्या मालावर किमतीचा सुमारें तिसरा हिस्सा जातो, बाकी भाडें, पगार आणि नफा. अशा ठिकाणीं एकाच मेजावर एका संध्याकाळीं तीन पंगती उठतात. उंची भोजनगृहांत मेज एकदां दिलें कीं तें रात्रभर त्याच पाहुण्याचें. म्हणजे जो खर्च तिघांत वांटला जावयाचा तो एकट्याच्याच वांट्याला येतो. त्यांत कांचेचे नाजुक पेले, दररोज धुवून इस्त्री होणारीं मेजवस्त्रें, मद्याची निवड सांगणारा स्वतंत्र जाणकार, आणि पाहुणीची हातपिशवी जमिनीला टेकूं नये म्हणून खुर्चीजवळ ठेवलेलें लहानसें स्टूल! ह्या स्टुलाला कोणी हंसेल. हंसण्यासारखें तें आहेहि. पण एवढें सगळें करूनहि असें भोजनगृह स्वतःपुरता मोठा नफा मिळवितेंच असें नाहीं. हॉटेलाला त्यापासून नांव मिळतें, आणि नांवामुळें वरच्या खोल्या भरतात.

हें नांव मोजण्याचें मापहि मोठें मौजेचें आहे, कारण तें मोटारीचे टायर करणाऱ्या एका कारखान्यानें दिलें. लोकांनीं मोटारी अधिक फिरवाव्या, म्हणजे टायर अधिक झिजतील, ह्या हेतूनें मिशेलीन बंधूंनीं १९०० सालीं प्रवाशांसाठीं एक पुस्तिका फुकट वांटली. १९२६ सालीं तींत चांगल्या भोजनगृहांपुढें तारा छापूं लागले आणि १९३१ सालीं दोन व तीन ताऱ्यांची प्रतवारी आली. तीन ताऱ्यांचा अर्थ असा कीं केवळ ह्या जेवणासाठीं मुद्दाम प्रवास करावा. प्रवासाच्या धंद्याशीं ह्या ताऱ्यांचें नातें असें जन्मापासूनचें आहे. तपासनीस नांव न सांगतां येतात, जेवतात, पैसे देतात व निघून जातात.

'लुई पंधरावा' २७ मे १९८७ रोजीं उघडलें. त्याचा सूत्रधार अलें द्युकास तेव्हां जेमतेम तिशीचा होता. १९८४ सालीं आल्प्स पर्वतांत विमान कोसळून बरोबरचे सर्व प्रवासी दगावले, हा एकटाच वांचला आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहिला. माँटे कार्लो येथें त्याला चार वर्षांत तीन तारे मिळविण्याची अट घालण्यांत आली होती. त्यानें ते तेहतीस महिन्यांत, १९९० सालीं, मिळविले. हॉटेलांतील भोजनगृहाला हा मान त्यापूर्वीं मिळालेला नव्हता. १९९७ सालीं त्याच्या पॅरिसमधील भोजनगृहाला तीन तारे लाभले आणि त्याच वर्षीं माँटे कार्लोचा एक तारा गेला. तो पुढच्या वर्षीं परत आला. एवढ्या उंचीवरची जागा अशी निसरडी असते, आणि तिची धास्ती स्वयंपाकघरांतील धाकट्यांतल्या धाकट्या उमेदवारापर्यंत पोंचलेली असते.

मराठी वाचकाला विशेष वाटावें असें ह्या द्युकासनें एक केलें. राजेशाही भोजन म्हणजे मांस व मासे, हा संकेत मोडून त्यानें आरंभापासूनच 'प्रोव्हान्सच्या बागा' ह्या नांवाचें केवळ भाज्यांचें संपूर्ण जेवण यादींत ठेवलें. गाजर, सलगम, कोंवळ्या शेंगा अशा भाज्या मंदाग्नीवर शिजवून वर काळ्या ट्रफलचा कीस. ट्रफल म्हणजे जमिनीखालीं वाढणारें, सोन्याच्या मोलाचें भूछत्र. तरीहि शुद्ध शाकाहारी प्रवाशानें येथें सावध असावें. फ्रेंच स्वयंपाकांत सॉसचा पाया बहुधा हाडांच्या रसाचा असतो आणि पुष्कळ चीज वासराच्या जठरांतील विरजणानें लावलेलें असतें. मेज राखून ठेवतांनाच हें स्पष्ट सांगितलें तर अशा ठिकाणीं निराळी व्यवस्था आनंदानें होते. ऐन वेळीं सांगितलें तर दोन्ही पक्षांची अडचण होते.

परगांवीं मनुष्याचा हात सैल सुटतो, आणि विहारस्थानाची सारी रचनाच त्याला अनुकूल असते. कॅसिनोंत नाण्यांऐवजीं रंगीत चकत्या खेळतात, म्हणजे पैसा हा पैसा वाटत नाहीं. हॉटेलांत जेवणावर सही करून तें खोलीच्या हिशेबांत टाकतां येतें. निमंत्रित पाहुण्याच्या हातीं किमती न छापलेली यादी देण्याची जुनी चाल कांहीं ठिकाणीं अजून आहे. म्हणून खर्चाचा आंकडा घरून निघतांनाच ठरविलेला बरा. रात्रीच्या मानानें दुपारचें जेवण, जेथें तें मिळतें तेथें, पुष्कळ स्वस्त असतें. स्वयंपाकघर तेंच, हात तेच. बिल फुगतें तें बहुधा मद्यानें, तेव्हां बाटलीऐवजीं एखादा पेला मागवावा. नळाचें पाणी मागण्यांत कमीपणा मानूं नये. सेवेचें मूल्य किमतींतच धरलेलें असतें, त्यामुळें वर कांहीं ठेवलेंच पाहिजे असें नाहीं. पुरुषाला कोट मात्र लागतो.

जेवण आटोपल्यावर 'लुई पंधरावा'मध्यें कुंड्यांनीं भरलेली एक गाडी मेजाजवळ आणतात. तींत पुदिना आणि लिंबाच्या वासाची व्हर्बिना अशा वनस्पति वाढलेल्या असतात. पाहुण्यानें बोट दाखवावें, वाढप्यानें हातमोजा घातलेल्या हातानें पानें कातरावीं आणि त्यांवर कढत पाणी ओतावें. घरच्या परसांतील गवती चहाहून ह्या पेयांत फारसें निराळें कांहीं नसतें. तरी त्या कातरीचा आवाज ऐकण्यासाठीं शेजारच्या मेजांवरचें बोलणें क्षणभर थांबतें.