साखरखेर्ड्याच्या रणातला बंडखोर कोण?

बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा तालुक्यातले साखरखेर्डा भाविकांना पलसिद्ध मठामुळे आणि प्रल्हाद महाराज रामदासींमुळे ठाऊक आहे. हैदराबादचे आसफजाही राज्य याच गावच्या शिवारात जन्माला आले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी इथे दोन मोगल सरदार एकमेकांसमोर उभे ठाकले. दोघेही सुन्नी, दोघेही बादशहाचे चाकर, आणि दोघेही समोरच्याला बंडखोर म्हणत होते. जिंकणाऱ्याने गावाचे नाव बदलून फतेहखेर्डा केले. लोकांनी जुने नाव सोडले नाही.

त्यांतला एक, निजाम-उल-मुल्क म्हणजे मीर कमरुद्दीन, त्याआधी दिल्लीत वजीर होता. मुहम्मदशहाच्या दरबारात आपले काही चालत नाही हे ओळखून १७२३ च्या अखेरीस त्याने हवापालटाचे निमित्त केले, दिल्ली सोडली आणि वाटेतून दक्षिणेकडे वळला. मे १७२४ मध्ये माळव्यात नालछ्याला तो बाजीराव पेशव्यांना भेटला. इकडे बादशहाने हैदराबादचा सुभेदार मुबारिज खान याला गुपचूप कळवून सगळ्या दख्खनची सुभेदारी देऊ केली. निजामाला अडवायचे, एवढेच काम होते. मुबारिज खान फौज घेऊन औरंगाबादच्या रोखाने निघाला आणि साखरखेर्ड्याजवळ लढाई झाली. तो स्वतः आणि त्याचे दोन मुलगे कामी आले. बाजीरावांच्या फौजेचा या लढाईत प्रत्यक्ष वाटा किती, यावर इतिहासकारांचे एकमत नाही.

कागद पाहिला तर गुन्हेगार निजाम ठरतो, कारण सुभेदारीचे फर्मान मुबारिज खानाच्या हाती होते. पण इतिहासकार एल्फिन्स्टनने लिहून ठेवले आहे की निजामाने मुबारिज खानाचे मुंडके दिल्लीला धाडले आणि बंड मोडल्याबद्दल बादशहाचे अभिनंदन केले. त्याच बादशहाने पुढच्या वर्षी, १७२५ मध्ये, निजामाला ‘आसफजाह’ हा किताब दिला आणि दख्खन त्याच्याकडे ठेवली. माळवा आणि गुजरात तेवढे काढून घेतले.

याला निव्वळ राजकारणातली लबाडी म्हणून सोडून देता येत नाही. बंड म्हणजे काय आणि बंडखोराशी कसे वागायचे, याचा इस्लामी धर्मशास्त्रात फार बारकाईने विचार झाला आहे आणि या लढाईतले दोन्ही पक्ष त्याच शास्त्रात वाढले होते. औरंगजेबाने तयार करवून घेतलेला ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा हनफी न्यायाचा प्रचंड ग्रंथ ज्या मंडळाने रचला, त्याचे प्रमुख होते बुऱ्हाणपूरचे शेख निजाम. बुऱ्हाणपूर आपल्या जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुड्याच्या त्या अंगाला आहे. बंडखोरांविषयीचे नियम त्या ग्रंथात सविस्तर आहेत, आणि निजाम-उल-मुल्काची तरुणपणची चाकरी त्याच बादशहाकडे झाली होती.

या कायद्याचा पाया कुराणाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात आहे. श्रद्धावानांचे दोन गट लढू लागले तर आधी समेट घडवा. एकाने तरीही अतिक्रमण चालू ठेवले तर तो वळणावर येईपर्यंत त्याच्याशी लढा. आला की न्यायाने पुन्हा समेट करा, असा त्या आज्ञेचा आशय आहे. चौथे खलिफा अली यांच्या काळात, इ. स. ६५६ ते ६५८ या वर्षांत, मुसलमान मुसलमानांशीच लढले. तेव्हा अलींनी जे केले तेच पुढे शास्त्रकारांनी प्रमाण मानले. त्यांनी आपल्याविरुद्ध उठलेल्या खारिजींशी लढण्याआधी इब्न अब्बास यांना बोलणी करायला पाठवले होते. पळणाऱ्याचा पाठलाग नको, जखमीला मारू नका, बायकामुलांना गुलाम करू नका, मालमत्ता लुटू नका, ही त्यांची शिस्त होती.

बागी, म्हणजे शास्त्राच्या अर्थाने बंडखोर, ठरायला दोन गोष्टी लागतात. पाठीशी बळ हवे आणि मनात काही कारण हवे, चुकीचे का असेना, पण धर्माच्या किंवा न्यायाच्या भाषेत मांडता येईल असे. कारण नसेल तर तो दरोडेखोर, आणि त्याच्या शिक्षा फार कडक आहेत. कारण असेल तर तो शत्रूही नाही आणि गुन्हेगारही नाही. त्याला परत आणायचे असते. म्हणून राज्यकर्त्याने तलवार उपसण्याआधी त्याची तक्रार विचारायची. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. जगात कुठलीही सत्ता बंडखोराला सहजासहजी असा प्रश्न विचारत नाही.

हे मनात ठेवून १७२४ कडे परत पाहू. इतिहासकार खाफी खान सांगतो की निजामाने मुबारिज खानाला आधी पत्रे लिहून मुसलमानांचे रक्त सांडू नकोस असे समजावले. खाफी खान निजामाच्याच चाकरीतला होता, तेव्हा त्याची साक्ष जपूनच घ्यावी. पण आपला धनी कायद्याच्या पायऱ्या चढूनच लढाईपर्यंत आला हे दाखवावे असे त्याला वाटले, यातच त्या कायद्याचा धाक दिसतो. मुबारिज खानाच्या एका मुलाने गोवळकोंड्याचा किल्ला काही काळ धरून ठेवला होता. तो किल्ला शेवटी वाटाघाटीने मिळाला आणि त्या मुलाचा मानमरातब राखला गेला. इथपर्यंत निजाम शास्त्राला धरून वागला. मुंडके पाठवणे मात्र शास्त्रात बसत नाही. अकराव्या शतकातला हनफी शास्त्रकार सरख्सी याने बंडखोरांची मुंडकी मुलुखभर फिरवणे विटंबना म्हणून नापसंत केले आहे. पुढच्या काहींनी सवलत दिली, पण मूळ मत हेच.

मग कागदावर बंडखोर असलेला निजाम वर्षभरात अधिकृत सुभेदार कसा झाला? त्याचेही उत्तर ग्रंथात सापडते. बगदादचा अल-मावर्दी (मृत्यू १०५८) याने बळाने बळकावलेल्या सुभेदारीवर वेगळे लिहिले. एखाद्याने प्रांत तलवारीने घेतलाच आणि तो धर्माचे नियम पाळत असेल, तर खलिफाने त्याला मान्यता द्यावी, म्हणजे निदान कायद्याचा धागा तुटणार नाही, असे त्याचे म्हणणे. त्याच्या काळात खलिफाच बुवैही सरदारांच्या मुठीत होता, हे विसरू नये. दिल्लीच्या दुबळ्या बादशहाने सहाशे-सातशे वर्षांनी नेमके हेच केले. या तरतुदीने अराजक टळते हे खरे. पण ज्याची तलवार लांब त्याला कायद्याचे कवच मिळते, हेही तितकेच खरे. निजामाच्या राज्याची मुळे या तडजोडीत आहेत, आणि वऱ्हाडचा कारभार १८५३ पर्यंत त्याच राज्याकडे राहिला.

जिल्ह्यातच, मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला, १५९१ मध्ये आणखी एक अशीच लढाई झाली. अहमदनगरच्या गादीवर बाल इस्माईल निजामशहा, आणि सगळी सत्ता महदवी पंथाच्या जमाल खानाकडे. मुलाविरुद्ध बाप बुऱ्हाण खानदेशच्या राजा अली खानाची मदत घेऊन आला आणि जमाल खान मारला गेला. पण त्यानंतर समेट झाला नाही. महदवींचा छळ झाला. खुदावंद खान महदवीने १५८२ मध्ये बांधलेली मशीद रोहिणखेडला होती. ज्यांनी ती बांधली, त्यांनाच नऊ वर्षांनी राज्य परके झाले. पंथाचा द्वेष मधे आला की बंडखोराला हक्क देणारा कायदा कोणी उघडूनही पाहत नाही.

याच निजामशाहीचे सरदार असलेल्या सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांचे तर बंडच नव्हते. ते काही वर्षे मोगलांकडे गेले होते आणि परत आले होते. तो संशय दरबारात धुमसत राहिला. १६२९ मध्ये दौलताबादेला मुजऱ्यासाठी गेलेल्या लखुजींना मुर्तजा निजामशहाने मुलांसह आणि नातवासह कापून काढले. तक्रार विचारली नाही, चौकशी नाही, हाती शस्त्र घेतल्याचा पुरावा नाही. हनफी शास्त्रात बंडखोरांबरोबर लढलेल्या बिगर-मुसलमान प्रजेलाही बंडखोराचेच हक्क मिळतात, त्यांचे संरक्षण संपत नाही. लखुजींना तेवढेही मिळाले नाही. जिजाऊंच्या माहेरावर घाला घालणारे हे कृत्य खून होते, आणि त्या काळच्या कायद्यानेही त्याला दुसरे नाव देता येत नाही. शहाजीराजे त्यानंतर निजामशाही सोडून गेले. निजामशाही पुढे दहा वर्षेही टिकली नाही.

हा सारा इतिहास फारसी आणि अरबी ग्रंथांत आहे. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठीत आणण्याचे मोठे काम एकट्याच्या बळावर केले; त्यांच्यानंतर ती वाट ओस पडत चालली आहे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी इतिहासाच्या दोन-चार मुलामुलींना तरी फारसी शिकवावी. साखरखेर्डा, रोहिणखेड आणि सिंदखेडराजा यांचा इतिहास आपण मूळ साधनांतून वाचायला हवा, आणि ते काम आता सुरू केले तरच होईल.