मासा दिसतो तिथे नसतो

मृगाचे दोन-तीन जोरदार पाऊस झाले की आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या बोड्या भरतात, तलावांचे सांडवे वाहू लागतात आणि धानाच्या बांध्यांत वीतभर पाणी साचते. नवे पाणी आले की मासे तलावातून उथळ जागेकडे चढू लागतात. मग संध्याकाळी गावातली पोरे बॅटरी आणि भाला घेऊन धुऱ्यावर हजर! सातवीत असताना मीही त्यांतलाच एक होतो.

एका संध्याकाळी बांधीत फूटभर लांबीचा मरळ मासा दिसला. तोंड माझ्याकडे, शेपटी पलीकडे. मी डोक्यावर नेम धरला आणि भाला फेकला. भाला लागला, पण शेपटीजवळ. माशाने एक हिसका दिला, मांस फाटले आणि तो गढूळ पाण्यात दिसेनासा झाला. तिसऱ्या दिवशी तो बांधीच्या कोपऱ्यात मेलेला सापडला. जखमेवर कापसासारखी पांढरी बुरशी चढली होती.

आमच्या शेजारी एक वृद्ध ढिवर आजोबा राहत. त्यांनी तो मासा पाहिला आणि म्हणाले, “खाल्ला असता त गोष्ट येगळी होती, बाबू. हा ना तुया पोटात गेला, ना तलावात राह्यला.” मग थोड्या वेळाने, “मासा दिसते तिथं नसते. खालतं मारावं लागते.”

आजोबांनी भौतिकशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नव्हते. मी मात्र पुढे हा विषय शिकलो, आज शिकवतो आणि प्रकाशाचा पाठ आला की मला तो मासा आठवतो.

प्रकाशाची वाकडी वाट

तुम्ही शाळेत शिकला आहात की प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात तिरपा शिरला की दिशा बदलतो. यालाच अपवर्तन म्हणतात; जुन्या पुस्तकांत याला वक्रीभवन असा शब्द आहे. हवेच्या तुलनेने पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३, म्हणजे ४/३ आहे. माशाकडून निघालेला किरण पाण्याबाहेर पडताना लंबापासून दूर झुकतो आणि मग आपल्या डोळ्यात शिरतो. डोळ्याला बिचाऱ्याला हे वळण कळत नाही. किरण सरळच आला असे तो धरून चालतो. म्हणून मासा खऱ्या जागेपेक्षा वर, उथळ जागी दिसतो. अगदी डोक्यावरून सरळ खाली पाहिले तर १ मीटर खोल असलेला मासा ७५ सेंटिमीटरवर भासतो.

भाला मात्र प्रकाशासारखा वाकत नाही. तो नजरेच्या रेषेत सरळ जातो आणि माशाच्या वरून निघून जातो. किती चुकतो, ते स्नेलच्या नियमाने काढता येते. समजा, मासा ४० सेंटिमीटर खोल आहे. आपली नजर लंबाशी २० अंशांचा कोन करत असेल, तर त्या खोलीवर भाला माशाच्या सुमारे ४ सेंटिमीटर पलीकडे पोचतो. कोन ४५ अंश असेल तर ही चूक १५ सेंटिमीटर होते आणि ६० अंशांना तब्बल ३५ सेंटिमीटर! खोली निम्मी केली तर चूकही निम्मी होते. (वहीत आकृती काढून ही गणिते स्वतः करून पाहा. चूक = खोली × (दोन कोनांच्या टॅन्जंटमधील फरक). एक कोन हवेतला, दुसरा पाण्यातला.)

आता माझ्या मरळाचा हिशेब लावू. पाणी वीतभर, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर. मी दूर उभा होतो, कोन ६० अंशांच्या आसपास. चूक निघते साडेसतरा सेंटिमीटर. फूटभर माशाच्या डोक्यावर धरलेला नेम त्याच्या मागच्या अर्ध्या भागात जायला एवढी पुरते. माझा हात चुकला नव्हता, रेषाच चुकीची होती.

चूक कमी कशी करावी?

वरच्या आकड्यांतूनच उत्तर मिळते. मासा जवळ असावा, पाणी उथळ असावे आणि आपण शक्य तितके वरून पाहावे. तिरपे पाहून मारायचेच असेल तर दिसणाऱ्या माशाच्या खाली, आपल्या बाजूला नेम धरावा लागतो. पण किती खाली, हे खोलीवर अवलंबून असते आणि गढूळ पाण्यात खोलीचा अंदाजच येत नाही.

याहून चांगली एक युक्ती आहे. भाला फेकू नये. त्याचे टोक आधीच हळूच पाण्यात उतरवावे आणि माशाच्या जवळ नेऊन मग रेटावे. आता मासाही पाण्यात आणि टोकही पाण्यात. दोघांच्या प्रतिमा सारख्याच सरकतात, त्यामुळे चूक जवळजवळ रद्द होते. मापन करताना आपण उपकरणाची शून्यचूक वजा करतो, तसाच हा प्रकार.

समुद्रात काचेचा मुखवटा लावून, बुडी मारून भाल्याने मासे मारणारेही या अपवर्तनातून सुटत नाहीत. मुखवट्यातल्या हवेमुळे ४ मीटरवरचा मासा ३ मीटरवर असल्यासारखा आणि मोठा दिसतो. नवशिक्याला वाटते, मासा टप्प्यात आला. तो भाला सोडतो, पाण्याच्या रोधाने भाल्याचा वेग मरतो आणि मासा अर्धवट जखमी होऊन निसटतो.

माशाची खिडकी

पण वरून पाहायला जवळ जावे, तर मासा पळतो! याचेही कारण अपवर्तनच आहे. पाण्याचा क्रांतिक कोन सुमारे ४९ अंश. त्यामुळे पाण्याबाहेरचे सारे जग माशाला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. तिचा पूर्ण कोन सुमारे ९७ अंश असतो. क्षितिजालगतचे पहिले १० अंश या खिडकीच्या काठाशी अवघ्या एका अंशात दाबले जातात. म्हणून दूरवर वाकून बसलेला माणूस माशाला जेमतेम दिसतो; जवळ उभा राहिलेला मात्र स्पष्ट दिसतो.

थोडक्यात, जिथून मासा आपल्याला पाहत नाही, तिथून आपला नेम हमखास चुकतो. यातून वाट एकच. पाण्यात न हलता उभे राहायचे आणि माशाला आपल्याकडे येऊ द्यायचे. जाणकार मासेमार बगळ्यासारखे उभे असतात, ते उगीच नाही.

टोक आणि दात

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. १०० न्यूटन बल १ चौरस मिलिमीटरच्या टोकावर एकवटले तर दाब १० कोटी पास्कल होतो. टोक बोथट होऊन क्षेत्रफळ दहापट झाले की दाब एक-दशांश उरतो. भाला खवल्यांवरून घसरतो आणि मासा खरचटून निसटतो. टोकाला उलटे दात असले तर भाला सहज आत जातो, पण बाहेर येताना अडतो. जवळजवळ बसवलेले चार-पाच काटे असले तर एकाच काट्यावर ओढ पडून मांस फाटत नाही. दांडा बांबूचा असावा, म्हणजे तो तरंगतो; त्याला दोरी बांधावी. मासा भाल्यासह पळाला तरी तो कुठे आहे हे कळते. नेम डोक्याच्या लगेच मागे धरावा. तिथे घाव बसला तर मासा तत्काळ मरतो. पोटात किंवा शेपटीत बसला तर हाल होतात.

निसटलेल्या माशाचे काय होते?

माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे त्याचे चिलखत. तो फाटला की बुरशीला वाट मिळते. शिवाय गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरातले द्रव बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असतात, म्हणून परासरणाने जखमेतून पाणी आत शिरत राहते. मासा दमतो, खाणे सोडतो, बगळ्याच्या तोंडी जातो किंवा सडतो.

म्हणून मासा जखमी होऊन निसटला तर नवा मासा शोधायला जाऊ नये. आधी तोच शोधावा. मरळ असेल तर एक सोय आहे. त्याला कल्ल्यांवर भागत नाही, हवा घ्यायला वर यावेच लागते. काही मिनिटे निश्चल उभे राहिले की पाण्यावर छोटे वर्तुळ उमटते. मी त्या दिवशी थांबलो नाही, हीच माझी दुसरी चूक.

केव्हा भाला खाली ठेवावा?

पाणी इतके गढूळ असेल की फक्त हालचाल दिसते, तेव्हा भाला मारू नये. ती हालचाल सोबत्याच्या पायाचीही असू शकते. पृष्ठभागावर तांबूस पिल्लांचा थवा दिसला, तर खाली मरळाचे आईबाप राखण करीत असतात. एका घावात राखणदार गेला की इतर मासे सारी पिल्ले गट्ट करतात. चढणीच्या दिवसांत अंड्यांनी फुगलेल्या मादीचेही तसेच. मारलेला मासा एक, गमावलेले हजारो.

या तलावांना मोठा इतिहास आहे. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने इथे शेकडो तलाव बांधले. पुढे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले. त्यांतल्या माशांवर आजही ढिवर कुटुंबांची चूल पेटते. सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानेच बंदी आहे. वाया गेलेल्या जखमी माशासाठी मात्र कायदा नाही. तिथे आपले शहाणपणच हवे.

करून पाहा

बादलीत २० सेंटिमीटर पाणी घ्या आणि तळाशी बटाट्याची फोड ठेवा. एक सरळ, पोकळ नळी ४५ अंशांत तिरपी धरून पक्की बांधा. नळीतून पाहा आणि फोड बरोबर मध्ये दिसेल अशी सरकवा. आता त्याच नळीतून सायकलच्या चाकाची सरळ लांब तार खाली सोडा. ती फोडीला लागते का? नसल्यास किती पलीकडे टेकली ते मोजा. उत्तर साडेसात सेंटिमीटरच्या जवळपास यायला हवे. मग नळी अधिक उभी करून पुन्हा मोजा.

बटाटा चुकला तर काही बिघडत नाही. तेव्हा चुका बादलीत करून घ्या, बांधीत नको.