पाणीमोजणीची साखळीवही व नोंदींचा भार

शिरूर तालुक्यास चासकमान व घोड प्रकल्पांचे, तर दौंड तालुक्यास खडकवासल्याच्या मुठा उजव्या कालव्याचे पाणी मिळते. कालवा कोणताही असो, आवर्तन सुटले की वाद ठरलेला : वरच्यांनी किती घेतले आणि टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत किती पोचले ? २००५ च्या अधिनियमाने पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याचे तत्त्व स्वीकारले असल्याने मोजमापाची नोंद निर्विवाद असणे अगत्याचे आहे.

चारीवरील मोजयंत्रे आपली नोंद आपोआप पाठवू शकतात. ती मागाहून कोणी बदलू नये म्हणून ब्लॉकचेनमध्ये ठेवावी, असे सुचविण्यात येते. ब्लॉकचेन म्हणजे अनेकांजवळ असलेली एकच वही होय. तिच्या प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा असतो. जुने पान बदलले की पुढील ठसे जुळत नाहीत आणि लबाडी उघड होते.

परंतु ही वही फार सावकाश भरते. २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनच्या वहीत सेकंदास सुमारे ७, म्हणजे दिवसास सुमारे ६ लाख नोंदी मावतात. समजा, एका गावातील ५०० यंत्रांनी दर मिनिटास एकेक नोंद पाठविली, तर दिवसाच्या नोंदी होतात ७,२०,०००. एकाच गावापुढे ती वही अपुरी पडावी !

प्रत्येक वावरासाठी मुख्य कालव्यास कोणी वेगळे दार ठेवीत नाही; मध्ये वितरिका, चारी व शेतचारी असते. नोंदींचेही तसेच करावे. तासाभराच्या ३०,००० नोंदी गावच्या संगणकात ठेवाव्यात. प्रत्येक नोंदीचा गणिती ठसा काढावा, दोन ठशांचा मिळून एक, पुन्हा दोहोंचा एक, असे करीत अखेरीस एकच ठसा उरतो. राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही रीत आहे. साखळीवहीत केवळ तो शेवटचा ठसा जातो; दिवसास २४ नोंदी पुरतात. एखाद्या शेतकऱ्यास आपली नोंद खरी असल्याचे दाखवावयाचे झाल्यास मार्गातील १५ ठसे पुरे होतात. मात्र ठशावरून मूळ नोंद परत मिळत नाही. म्हणून गावच्या संगणकातील नोंदींच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी जतन कराव्यात.

वही जगास खुली न ठेवता ठरावीक सभासदांपुरती ठेवल्यासही वेग वाढतो. पण सारे वहीधारक एकाच कचेरीतील असतील तर ती साखळी नावापुरतीच उरते. टोकाच्या चारीच्या प्रतिनिधीजवळ एक प्रत असलीच पाहिजे.

यंत्रात कचरा अडकला किंवा कोणी मुद्दाम काडी घातली, तर साखळी ती खोटी नोंदही तितक्याच निष्ठेने जपेल ! सबब ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी आवर्तनापूर्वी वरच्या व टोकाच्या शेतकऱ्यांसमक्ष यंत्रे तपासून मोहोरबंद करावीत. तासाचा ठसा निघण्यापूर्वी नोंद बदलण्यास वाव राहतो; तो राहू नये म्हणून यंत्राने नोंद करताच तिची पोच शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर जाईल अशी व्यवस्था करावी.