बालवाचकांसाठीं डायनोसॉरचीं पुस्तकें

नुकतेंच वाचूं लागलेलें मूल साध्या जोडाक्षराशीं अडखळतें. परंतु डायनोसॉरचें नांव आलें कीं तेंच मूल सहा-सहा अक्षरांचे शब्द हौसेनें म्हणतें. ही हौस वायां जाऊं नये, म्हणून त्याच्या हातीं पुस्तक कोणतें द्यावें, याचा आज थोडा विचार करूं.

पहिली गोष्ट भाषेची. वाक्यें लहान असावींत, एका पानावर एकच माहिती असावी आणि अवघड नांवाची फोड करून दाखविलेली असावी. ‘डायनोसॉर’ हा शब्द रिचर्ड ओवेन या इंग्रज पंडितानें १८४२ सालीं ग्रीक शब्दांपासून बनविला. त्याचा अर्थ ‘भयंकर सरडा’. आपल्याकडे गोदावरीच्या खोऱ्यांत सांपडलेल्या एका प्रचंड शाकाहारी प्राण्यास १९७५ सालीं ‘बारापासॉरस’, म्हणजे ‘मोठ्या पायांचा सरडा’, असें नांव मिळालें. अर्थ कळला कीं नांव पाठ करावें लागत नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पुस्तकानें ‘काय’ याबरोबर ‘कशावरून’ हेंही सांगितलें पाहिजे. इग्वानोडॉनचेंच उदाहरण घ्या. इंग्लंडांतील डॉक्टर मँटेल यांनीं १८२५ सालीं केवळ दांतांवरून त्याचें वर्णन केलें. पुढें एक अणकुचीदार हाड मिळालें, तें त्यांनीं चित्रांत नाकावर बसविलें. १८७८ सालीं बेल्जियममधील कोळशाच्या खाणींत या प्राण्याचे अनेक सांगाडे हातीं लागले, तेव्हां तें शिंग नसून हाताचा आंगठा होता असें ठरलें! ही हकीगत सहा वर्षांच्या मुलास सहज समजते. आणि पुरावा मिळतांच शहाणीं माणसें आपलें मत बदलतात, हेंही त्यास उमगतें.

म्हणून विकत घेण्यापूर्वीं पुस्तक चाळून पाहावें. त्यांत डायनोसॉरशेजारीं गुहेंतला माणूस उभा असेल, तर तें खालीं ठेवावें. पक्षी वगळतां सारे डायनोसॉर सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींच नष्ट झाले. पंख पसरलेल्या टेरोसॉरास डायनोसॉर म्हटलें असेल, तरीही तेंच करावें. ते त्यांचे भाऊबंद खरे, पण कुळ निराळें. बहुतेकांचा रंग आपणांस ठाऊक नाहीं, हें जें पुस्तक मोकळेपणीं सांगतें, तें विश्वासास पात्र समजावें.

छापलें तें सारें खरें, ही समजूत बालपणीं जडली तर पुढें सुटतां सुटत नाहीं. मुलानें पानावर बोट ठेवून “हें कशावरून?” असें विचारलें, तर त्यास गप्प बसवूं नका, त्याच्याबरोबर उत्तर शोधावयास बसा.